जाळीच्या ठरावाचा सूचक

बीडला हौसेने कुणी जात नाही. "चार दिवस बीडकडे जाऊन येते," असं मी कोल्हापुरात शेजारणीला सांगितलं, तेव्हा तिने आधी विचारलं, "कोण गेलं गं?" आणि मग म्हणाली, "दुष्काळ आहे तिकडं, प्यायचं पाणी बरोबर ने." आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं. गेला होता तो शिरूर कासारकडचा एक ऊसतोड कामगार, महादू नावाचा. आणि त्याच्या मरणाच्या गुन्ह्यात आरोपी म्हणून नाव आलं होतं माझ्या मामांचं. मामा ऐंशीच्या पुढे गेलेले, धोतर-टोपीतले, उभ्या जन्मात कुणावर हात उचलल्याचं ऐकिवात नाही. त्यांना अटक होऊ नये म्हणून धावपळ करायची होती आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात कायदा शिकलेली मी एकटीच.

शिकलेली म्हणजे शिकवणारी. लॉ कॉलेजात मी फौजदारी कायदा शिकवते. त्यातला माझा आवडता भाग म्हणजे, एका गुन्ह्यामागे पुष्कळ माणसं असली की जबाबदारी कुणाच्या माथी लावायची. करणारा, करवणारा, हत्यार पुरवणारा, नुसती मान डोलावणारा. जर्मनीत मदतनिसाला मुख्य गुन्हेगारापेक्षा कमी शिक्षा असते. इंग्रजांच्या कायद्यात दोघांना एकाच रांगेत उभं करतात. युद्धगुन्ह्यांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत वरच्या माणसाला विचारतात, तुला ठाऊक होतं का, आणि थांबवणं तुझ्या हातात होतं का. यावर माझा एक लांबलचक लेख आहे. ज्याने आपलं नाव हुकुमाला लावू दिलं, त्याने मागाहून "माझं नाव नुसतं शोभेचं होतं" अशी सबब सांगू नये, असं त्यात मी मोठ्या ठसक्यात लिहून ठेवलंय. आता नेमकी तीच सबब मामांच्या तोंडी घालायला मी निघाले होते. वाटेत उघडलेले दशमी-चटणीचे डबे तसेच परत बांधले.

बीड

बीडच्या स्टँडवर उतरलं की पहिल्यांदा दिसतात त्या कोचिंग क्लासच्या पाट्या. पोरांचे हसरे फोटो आणि त्यांखाली मार्क. त्यानंतर रिक्षावाले. "कोर्टाकडं का, मॅडम?" एकाने न सांगताच विचारलं. माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असावं.

मामांचे वकील एका क्लासच्या वरच्या मजल्यावर बसतात. खाली कुणीतरी माईकवरून गतीचे नियम शिकवत होतं आणि वर वकीलसाहेब मला प्रकरण समजावत होते. मामांचं गाव माजलगावच्या पुढे, धरणाच्या पाटावर. गावाच्या शिवेवर पाट एका नाल्याखालून जातो. तिथे पाणी मोठ्या नळातून आत शिरतं आणि पलीकडे निघतं. गावात त्याला मोरी म्हणतात. मोरीच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती. दुष्काळात पाटाला पाणी कमी, त्यात जाळीला काटक्या-कचरा अडकायचा, आणि मोरीपलीकडच्या उभ्या उसापर्यंत पाणी पोचेना. गावच्या सहकारी पाणीवापर संस्थेने सभा घेतली, जाळी काढण्याचा ठराव केला, वेल्डरने ती कापली. पुढच्या पाळीला पाणी सुटलं, महादू कॅन भरायला उतरला, पाय घसरला. जाळी असती तर तिला धरून वर आला असता. तो मोरीत ओढला गेला.

"पाटाकाठी तोडणीवाल्यांच्या कोप्या आहेत, पाचटाच्या झोपड्या, ते तिथंच पाणी भरतात, हे गावाला माहीत होतं," वकील म्हणाले. "म्हणून पोलिसांनी नुसता निष्काळजीपणा नाही लावला. सदोष मनुष्यवध लावलाय."

"पण कुणाकुणावर?"

"तेच तर. वेल्डर म्हणतो, मला सांगितलं, मी कापली. चेअरमन म्हणतात, मी अध्यक्षस्थानी होतो, सभेने ठरवलं ते मान्य केलं. अनुमोदक होता तो दिवाळीत वारला. ठरावाचा सूचक तुमचे मामा. ते तर म्हणतात, हो, मीच सुचवलं."

मामांनी जाळीबद्दल काही सुचवलं असेल यावर माझा विश्वास बसेना. मामांना उसाचं एक कांडंसुद्धा नाही. पाटाचं पाणी त्यांच्या रानापर्यंत येतच नाही.

वकिलांनी मला बजावलं. सरकारी दवाखान्यातून मामांच्या कानांचा दाखला काढा, ऐकू येत नाही, सभेत काय चाललंय ते कळलं नाही, असं आपण सांगू. जाळीला कुणी हात लावू देऊ नका, आता परत बसवली तर चूक कबूल केल्यासारखं होईल. आणि महादूच्या बायकोच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. साक्षीदारावर दबाव आणला म्हणतील आणि जामीन हातचा जाईल. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. हे सगळं मीही सांगितलं असतं. अटकपूर्व जामिनाची तारीख जवळ होती.

माजलगावजवळ

माजलगावपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना नांगरून ठेवलेली काळी रानं, ढेकळं तशीच, पेरणीचा पत्ता नाही. मग एकदम एका बाजूला हिरवागार ऊस लागतो आणि दुसरी बाजू तशीच भकास राहते. मधे फक्त पाट. आमच्या कोल्हापुराकडे दोन्ही काठ हिरवे असतात, त्यामुळे मला हे पाहून कसंतरीच झालं.

गावात पोचल्यावर पहिलीच गफलत मी केली. अंगणात बादली भरलेली दिसली, सवयीने तांब्या बुडवला आणि भळाभळा पायांवर ओतू लागले. घरात पाय ठेवायचा तर पाय धुऊनच, ही आमच्याकडची रीत. सुनंदावहिनी, म्हणजे मामांच्या सूनबाई, लगबगीने आल्या आणि माझ्या पायांखाली लोखंडी पाटी सरकवली. पाटीत जमलेलं पाणी त्यांनी म्हशीला नेऊन ठेवलं. "ऱ्हाऊ द्या ताई, तुमाला काय ठावं," म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवताना त्यांनी पेला अर्धाच भरला, आणि तो संपल्यावर पुन्हा अर्धा. उरलेलं पाणी टाकायचं पाप नको म्हणून ही तिथली रीत. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा होता. इतकी चव होती की काळजीतही मी दीड भाकरी खाल्ली आणि मग खाल्ल्याबद्दल काळजी केली.

माझे मामेभाऊ गेले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून वहिनी आणि मामा दोघंच. मामा ओसरीवर बसून होते. मी पाया पडले तर म्हणाले, "आलीस माय? तुज्या कोल्हापुरात पाणी हाय का?"

"आहे मामा."

"मंग इकडं कावून आलीस?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी." त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मामांना ऐकू कमी येतं हे खरं, पण नेमकं कधी कमी येतं हे तेच ठरवतात.

सूचकाचं कोडं वहिनींनी सोडवलं. सहकाराची रीत आमच्याकडेही आहे, प्रत्येक ठरावाला एक सूचक, एक अनुमोदक. पण आमच्याकडे सचिव हाताला येतील ती दोन नावं टाकून मोकळा होतो. या गावात सूचक हा मान आहे. गावातल्या सगळ्यांत थोर माणसाचा. सभा सुरू व्हायच्या आधी चेअरमन मामांच्या कानाशी लागतात, आज काय काय आहे ते सांगतात. मग मामा उभे राहतात, म्हणतात, "मी सुचवितो." अनुमोदकाने काही बोलायचं नाही, नुसता हात वर करायचा. सभेतला पहिला चहा सूचकाला. संस्था निघाल्यापासून प्रत्येक ठरावाला मामाच उभे राहिलेत.

"म्हणजे ठराव चेअरमनचे, आणि नाव मामांचं," मी म्हटलं. मला जरा हायसं वाटलं. बचावाला हे बरं होतं.

"तसंच की," वहिनी म्हणाल्या. पाटा धूत होत्या, तेही ओल्या फडक्याने. "एकदाच मामा उठले न्हाईत. पाटाकडचं जुनं वडाचं झाड तोडायचा ठराव व्हता. चेअरमननी कानात सांगितलं, मामा बसून ऱ्हायले. मंग कोन उठंल? झाड अजून हाय."

माझं हायसं वाटणं तिथेच संपलं. वहिनींना वाटलं, त्यांनी सासऱ्यांचं कौतुक सांगितलं. मला मात्र सरकारी वकील डोळ्यांपुढे दिसू लागला. थांबवणं याच्या हातात होतं का? होय, वडाचं झाड विचारा. मी वहिनींना म्हटलं, हे झाडाचं कुणापाशी बोलू नका हं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फडकं पुन्हा पाट्यावर फिरवलं.

संध्याकाळी पाटावर गेलो. पाटात घोट्याएवढं साचलेलं हिरवट पाणी होतं. मोरीचं तोंड उघडं, माणूस वाकून आत जाईल एवढं. कडेला कापलेल्या गजांची टोकं राहिली होती. कुणीतरी बाभळीची एक काटेरी फांदी आडवी टाकून ठेवली होती. कोप्यांतल्या दोन बाया हंडे घेऊन तिथेच उतरत होत्या, पायांनी चाचपत.

चेअरमन भास्करराव तिथेच भेटले. पांढरे कपडे, डोळ्यांखाली काळं. मला वाटलं होतं मग्रूर माणूस असेल, पण ते माझ्याहून घाबरलेले दिसले.

"मॅडम, शनिवारी पाळी सुटणार हाय," ते म्हणाले.

"आणि हे असंच?"

"वकील म्हन्ले हात लावू नका. तुमीबी वकीलच. तुमी सांगा, लावू?"

मी म्हटलं, वकिलांचं ऐका. दोघी बाया हंडे डोक्यावर घेऊन चढेपर्यंत मी तिथून हलले नाही.

शिरूर कासार

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन बीडला निघाले, कानाच्या दाखल्यासाठी. काळीपिवळी जीपमध्ये मामा खिडकीशी बसले. शेजारचा पोरगा फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता, तर मामा त्याला म्हणाले, "बे, लगीन जमलं का तुजं? मंग पेढे दे की." सगळी गाडी हसली. मी कपाळाला हात लावला. असे कान घेऊन डॉक्टरपुढे कसं जायचं?

बीडच्या स्टँडवर मी रिक्षा ठरवत होते. वळून बघते तर मामा गायब. सगळीकडे शोधलं, मुतारीपासून चौकशीच्या खिडकीपर्यंत. शेवटी शिरूरच्या गाडीत मामा पुढच्या सीटवर काठी धरून बसलेले दिसले, ज्येष्ठ नागरिकाचं तिकीटही काढलेलं.

"मामा, उतरा खाली. दवाखाना इकडे आहे."

"माला शिरूरला जायाचं हाय."

"कशाला?"

"तू चल न्हाईतर ऱ्हा."

मी खिडकीतून त्यांना सगळं सांगितलं. साक्षीदार, दबाव, जामीन, जेल. लोक बघत होते. मामांना एक अक्षर ऐकू आलं नाही. कंडक्टरने घंटी मारली आणि मी चढले. ऐंशीच्या पुढचा म्हातारा एकटा कसा सोडायचा?

शिरूरकडे जाताना डोंगर उघडेबोडके होत जातात. गावं येतात आणि त्या गावांत माणसं नसतात. घरांना कुलपं, ओसऱ्यांवर म्हातारी माणसं आणि चुकार कोंबड्या. तरणी माणसं बैलगाड्या जुंपून उसाच्या मुलखात गेलेली, काही माझ्याच कोल्हापुराकडे. आमच्या रस्त्यावरून त्यांच्या गाड्या जाताना मी कितीदा हॉर्न वाजवलाय. त्या गाड्या जिथून निघतात ते दार मी आज पहिल्यांदा पाहत होते, आणि ते कुलूपबंद होतं.

महादूची वस्ती विचारत विचारत गेलो. एका उघड्या घरापुढे एक बाई निवडण करत बसली होती. तिशीची असेल. कपाळ मोकळं. हीच मंगल, महादूची बायको. हंगाम अर्धा टाकून परत आलेली. आम्ही कोण, तिला ठाऊक नव्हतं. म्हातारं माणूस उन्हातून आलेलं पाहून ती न बोलता आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. काठोकाठ भरला होता.

मामांनी पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "पोरी, आदी ऐक," म्हणाले. "माजलगावकडची मोरी. जाळी काडायच्या ठरावाचा सूचक हाय मी."

कोण बघतंय म्हणून मी मागे वळून पाहिलं. कोपऱ्यावर एक शेळी तेवढी होती.

मंगल खाली बसली. तिने मामांच्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सूचक म्हंजी?"

"जो पैल्यांदा उठतो त्यो."

"तुमाला पाणी पायजे व्हतं का?"

"माज्या रानात पाट न्हाई."

"मंग?"

"मान व्हता," मामा म्हणाले.

तिने पदराने तोंड पुसलं. रडत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी इतकी वर्षं वर्गात जे प्रश्न फळ्यावर लिहिते, ते ती एकेक करून विचारत होती, आणि पुढचा कुठला येणार हे मला ठाऊक होतं. मी मनातल्या मनात मामांना विनवत होते, आत्ता ऐकू येऊ देऊ नका. आत्ता बहिरे व्हा.

"तुमी उठला नसता तर?" तिने विचारलं.

मामांना स्वच्छ ऐकू आलं. "तर निघाली नसती जाळी," ते म्हणाले.

झालं. पोलिसांना जे सिद्ध करता आलं नसतं ते मामांनी साक्षीदाराच्या दारात बसून सांगून टाकलं होतं, आणि ऐकणारी दुसरी मी होते. मला मामांचा राग आला. या वयात, हे धोतर, ही काठी घेऊन तुरुंगाच्या फरशीवर निजायचंय का यांना? आणि त्या रागाच्या खाली मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की रडू फुटेल असं वाटलं.

मंगलने मग एक विचारलं, जे पोलिसांनी, वकिलांनी, मी, कुणीच विचारलं नव्हतं.

"जाळी बसविली का?"

"न्हाई," मामा म्हणाले.

"कावून?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी तोंड उघडलं. केस कोर्टात आहे, आता जाळी बसवली तर पूर्वी काढली ती चूक होती असं धरतील, वकिलांचा सल्ला असतो, असं काहीबाही बोलत गेले. मंगल ऐकत होती.

"आमची मानसं अजून हाईत तितं," ती म्हणाली. "माजी जाऊ हाय. तिचं लेकरू हाय. ती तितंच पाणी भरती."

मामांनी भरलेला पेला जपून खाली ठेवला. एक थेंब सांडू दिला नाही. "जाळी बसल्यावर पितो," म्हणाले आणि काठी टेकून उठले. मंगलने पेला उचलला आणि ते पाणी परत माठात ओतलं.

परत माजलगावजवळ

परतीच्या वाटेवर मामांनी एवढंच सांगितलं, उद्या सभा लाव म्हणून भास्कररावाला सांग. मी वकिलांना फोन केला. शिरूरचं काही बोलले नाही, फक्त जाळीचं विचारलं. ते ओरडलेच. "मॅडम, तुम्ही प्राध्यापक आहात ना? स्वतःच्या हाताने पुरावा तयार करताय?" मी फोन ठेवला आणि मामांना काही सांगितलं नाही. कायद्यात याचं दुसरंही एक उत्तर आहे. धोका दिसल्यावर जो तो दूर करतो, त्याच्या विरुद्ध तेच वापरू नये, असं कित्येक देशांतली न्यायालयं मानतात. पण आपलं कोर्ट त्या दिवशी काय मानेल, हे मला सांगता येत नव्हतं.

सभा मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर भरली. पन्नासेक माणसं असतील, सगळी मान खाली घालून. "विना सहकार नाही उद्धार" अशी संस्थेची पाटी मागच्या भिंतीवर होती. एरवी चेअरमन मामांच्या कानाशी लागत. त्या दिवशी मामाच चेअरमनच्या कानाशी लागले. भास्कररावांचा चेहरा पडला.

मामा उभे राहिले. "मोरीला पाणी सुटायच्या आत जाळी बसवावी, असं मी सुचवितो," म्हणाले आणि खाली बसले.

आता एक हात वर यायला हवा होता. अनुमोदकाशिवाय ठराव बारगळतो. कुणी हलेना. त्यांची भीती मला चांगली समजत होती. ज्याचा हात वर जाईल त्याचं नाव उद्या पोलिसांच्या कागदावर. वेल्डर तर देवळामागे जाऊन उभा राहिला. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काही सुचवलं होतं, आणि ते पडत होतं. मला हात वर करावासा वाटला. पण मी सभासद नाही, आणि खरं सांगायचं तर हात जडही झाला होता.

सुनंदावहिनी चहाची परात घेऊन बाजूला उभ्या होत्या. सभेला चहा द्यायला त्या नेहमीच येतात. त्यांनी परात ओट्यावर ठेवली आणि हात वर केला.

"काय वहिनी, कप कमी पडले का?" भास्करराव म्हणाले.

"कप न्हाईत. अनुमोदन हाय."

"तुमी?"

"घरातला एक शेअर माज्या नावावर हाय. सभासद हाय मी. पावती दाखवू का?"

कुणीतरी हसलं, मग थांबलं. भास्कररावांनी घाम पुसला. "ठराव मंजूर," म्हणाले, आणि मला वाटतं त्यांनाही बरं वाटलं असावं. पहिला चहा वहिनींनी मामांना दिला. दुसरा कुणाला द्यायचा याचा विचार पडला, कारण दुसरा अनुमोदकाचा असतो. मग स्वतःच उभ्याउभ्या प्यायल्या.

शुक्रवारी वेल्डरने जाळी बसवली. कापली त्यापेक्षा दाट गजांची, न सांगता. शनिवारी पाणी सुटलं. आम्ही काठावर उभे होतो. काटक्या, पानं, एक प्लास्टिकची चप्पल येऊन जाळीला अडकली. पलीकडे पाणी कमी जाऊ लागलं आणि उसाच्या मालकांची तोंडं वाकडी झाली. भास्कररावांनी दोन गड्यांना दाताळं घेऊन कचरा ओढायला बसवलं. हे आधीही करता आलं असतं, असं कुणी बोललं नाही, पण सगळे गड्यांच्या हातांकडे बघत होते.

कोल्हापूर

मी परत आले. कोर्टाने मामांना पुढच्या तारखेपर्यंत अटकेपासून संरक्षण दिलंय. पुढच्या तारखेला काय होईल, मला ठाऊक नाही. वर्गात शिकवताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्याच्या हातात थांबवणं होतं, हे सिद्ध कसं करायचं?" नेहमी या प्रश्नाला मी तीन देशांचे दाखले देते. त्या दिवशी एकही आठवेना.

परवा वहिनींचा फोन आला.

"ताई, मामांनी वकिलांना शिरूरचं सांगितलं, ते लई भडकले हाईत. म्हन्तेत, म्हातारा कायबी बोलतो, डोकं फिरलंय, असंच कोर्टात सांगू. डाक्टरचा कागद आनू."

"मामा काय म्हणतात?"

"म्हन्तेत, माजं डोकं जाग्यावर हाय. शिरूरला मी काय बोललो ते समजून बोललो. त्या पोरीला पुना कोर्टात उबं करू नका, तिनं सोसलंय तेवडं बास. पर याला कुनी तरी साक्षीदार लागंल." मागून मामांचा आवाज येत होता, नीट ऐकू येत नव्हता. "मामा इचारतेत, सूचक ते हाईत. अनुमोदक म्हून तुमचं नाव घालू का?"

मामांना वेड लागलंय असं म्हटलं तर ते घरी राहतील. ते शहाणे आहेत असं मी शपथेवर सांगितलं तर कदाचित राहणार नाहीत. दोन्ही वाक्यं मला नीट मांडता येतात, तोच माझा धंदा आहे. खिडकीबाहेर कुणीतरी पाइपने गाडी धूत होतं, पाणी गटारात चाललं होतं. तिकडे वहिनी वाट बघत होत्या.

माझा हात वर गेला. फोनवर त्यांना तो दिसणार नव्हता, म्हणून मग तोंडाने म्हणाले, "घाला."